थांबलेले माग
मशीनच्या तेलाचा वास आला की मला शहापुरातली आमची विणकरांची गल्ली आठवते. कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेची आदली संध्याकाळ होती. लग्नसराईच्या साड्या द्यायच्या राहिल्या होत्या, तरी आप्पांनी आमचा माग बंद केला. शेजारच्या मागांची खडखड चालूच होती, म्हणून मी कानांत बोटं घालून वाचत बसले. मग एकेक माग थांबत गेला आणि अख्खी गल्ली गप्प झाली. शेजारची काकू दारातूनच म्हणाली, “वाच गं बाय. साडी काय, उद्याबी हुईल.” पुढं परदेशात गेले, तिथल्या सरकारी विद्यापीठाची कुलगुरू झाले. पदवीदानाला बोलायला उभी राहिले की सभागृह शांत होतं, आणि मला वाटतं, गल्लीनं परत माग थांबवलेत.