रेडिओचं बटन आणि दादाची फुप्फुसं

"तुमचे भाऊ व्हेप ओढत होते. घरी बनवलेला."

लातूरच्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी वॉर्डच्या दाराबाहेर मला हे सांगितलं आणि मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मॅडम, तुम्ही दुसऱ्याच पेशंटचं बोलताय. माझ्या भावानं बिडी सोडलीय. मुखेडात, होळीपुढं, चारचौघांत सोडलीय.

"बिडी सोडलीच होती," मॅडम म्हणाल्या. "तिच्या जागी हे आलं."

मी व्यसनमुक्तीचं काम करते. आठवडी बाजारात पत्रकं वाटते, भोंग्यावर बोलते, लोकांना राग येईल असंच बोलते. माझा मोठा भाऊ मुखेडच्या एसटी स्टँडजवळ मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. त्याची बिडी मी सोडवली. व्यसनांची होळी केली, तेव्हा त्यानं बिडीचं बंडल सगळ्यांसमोर आगीत टाकलं. पुढच्या पत्रकावर मी त्याचा फोटो छापला. खाली लिहिलं, 'मी सोडली, तुम्हीही सोडा.'

तो फोटो गावभर चिकटला.

पुढं पावसाळा सरता सरता त्याला कोरडा खोकला सुरू झाला. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मग दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना दम लागायला लागला. "पंख्यावरची धूळ गेली असंल छातीत," दादा म्हणायचा. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप हलला नाही, म्हणून वहिनी आणि मी त्याला नांदेडला नेलं.

एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. टीबीसाठी थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. रक्तात प्राणवायू किती आहे, ते दाखवणारा हा छोटा चिमटा. दादा त्यातही हसला. "चिमटा लावलाय वहिनीनं तुझ्या. म्या पळून जाईन म्हणून."

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "बिडी, सिगारेट?"

दादाच्या आधी मी बोलले. "नाही सर. एकदम बंद." वर पिशवीतून पत्रक काढून त्याचा फोटोही दाखवला.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं पाहून म्हणाला, "हाव. बंद हाय."

न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू झालं. आम्ही बाकावर बसून रिपोर्टांची वाट बघायचो. वहिनी डबा उघडायची आणि तसाच झाकायची. चिमट्यावरचा आकडा खाली खाली येत गेला. मग अँब्युलन्सनं लातूर.

तिथं एचआरसीटी झाला, म्हणजे छातीचे आतून बारीक काप काढल्यासारखे फोटो. मॅडमनी ते पाहिले, मग मला पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा."

"मी बहीण आहे. माझ्यापासून त्याचं काही लपलेलं नाही."

"म्हणूनच बाहेर थांबा."

दाराच्या काचेतून मी बघत होते. तोंडावर मास्क, आणि दादा अंगठा-बोटानं हवेत काहीतरी फिरवून दाखवत होता. मला वाटलं, वारं लागतंय त्याला. मी धावत जाऊन सिस्टरला पंखा कमी करायला सांगितला.

तो पंख्याचं सांगत नव्हता. जुन्या टॉर्चची नळी, बंद पडलेल्या इमर्जन्सी लाइटची बॅटरी, तार, आणि आमच्या बाबांच्या रेडिओचं आवाजाचं बटन, हे सगळं जोडून त्यानं वाफ ओढायचं यंत्र, म्हणजे घरगुती ई-सिगारेट, केलं होतं. बटन फिरवलं की व्होल्टेज कमी-जास्त, त्याप्रमाणं वाफ कमी-जास्त. फोनवरचे व्हिडिओ बघून शिकला. सर्दीला आपण निलगिरीची वाफ घेतो, म्हणून यंत्रात भरायच्या निकोटिनच्या द्रवात तो निलगिरीचं तेलही टाकायचा. औषधच आहे, असं त्याला वाटायचं.

मॅडमनी दोन शब्द सांगितले. ईव्हाली, म्हणजे व्हेपिंगमुळं फुप्फुसांना झालेली इजा. आणि लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात तेल साचून आलेली सूज. अँटिबायोटिकनं ती जात नाही. त्यांनी त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं.

मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. "संधी जास्त होती."

देशात ई-सिगारेटवर बंदी आहे. मग ते व्हिडिओ उघड्यावर कसे चालतात? कुणी विचारतं का? आणि आमची पत्रकं! गुटखा, तंबाखू, बिडी, सडलेल्या जबड्याचे फोटो. या यंत्राबद्दल एक ओळ नाही. ती पत्रकं मीच लिहिली होती.

मी दादाजवळ गेले. "मला का न्हाई सांगितलास?"

मास्क बाजूला करून तो म्हणाला, "फोटो छापलीस की गं, बाई. समदे तुला हसले असते." थांबला, दम घेतला. "बिडी अर्धी ओढता येत न्हाई. म्हणून बटन लावलं. रोज थोडं उलटं फिरवायचं. शून्यावर आलं की फेकून देणार होतो. तुला कळलंबी नसतं."

"कुठवर आणलं होतास?"

"निम्म्याच्या खाली."

वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. रेडिओचं बटन कुठं गेलं म्हणून तिनं घरभर शोधलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला व्हेंटिलेटरवर घेतलं, म्हणजे श्वास यंत्रानं द्यायला लागले. त्यानंतर तो बोलला नाही. आठवड्याच्या आत गेला.

तुमच्या घरातही असा कुणी असेल. व्यसन सोडलं म्हणून तुम्ही ज्याचं कौतुक करता, असा. त्याला खोकला लागला तर दवाखान्यात जरूर घेऊन जा. पण डॉक्टरांनी प्रश्न विचारला की तुम्ही उत्तर देऊ नका. उठा. त्याला डॉक्टरांजवळ एकटं सोडा. तुमचं प्रेम, तुमचा धाक, तुमचा अभिमान, सगळं पिशवीत भरून बाहेर न्या.

पत्रकं मी अजून वाटते. त्यांत व्हेपचं आता लिहिलंय, निलगिरीचंही. फोटो कुणाचा छापत नाही.

त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. दादाला त्या वाचवू शकल्या नाहीत. पण त्यांनी मला बाहेर काढलं, आणि त्या चार मिनिटांत माझ्या भावाला पत्रकावरचा माणूस व्हावं लागलं नाही.

आता कुणाला घेऊन दवाखान्यात गेले, की डॉक्टर सांगायच्या आधीच मी उठते. बाहेर येते आणि दार ओढून घेते. काचेतून बघत नाही.