खंडेनवमीला पुजलेली किल्ली

आमची सौंदर्या मावशी गॅस बंद केला का हे तीनदा बघते आणि चौथ्यांदा कोपऱ्यावरनं परत येऊन बघते. "असू दे, एकदा बघते," हे तिचं ठरलेलं वाक्य. तेही इतक्या बारीक आवाजात, की गॅसला ऐकू जाईल अशी भीती वाटावी. गडहिंग्लजहून कोल्हापुरात आली तेव्हा ती झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. तिथंच मोबाइलवर बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकली. आता चौतिसाव्या वर्षी ती एका संस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं काम एकटी सांभाळते.

संस्था नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना लपवून ठेवते. शाहूवाडी, आजरा अशा बाजूला ओळखीच्यांची सात घरं आणि त्यात अकरा बायका. कोण कुठल्या घरात, हे कागदावर कुठंही नाही. ते क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये आहे, म्हणजे लांबच्या कुठल्या तरी कंपनीच्या मशीनवर आपलं एक कुलूपबंद कपाट. मावशीचा प्रोग्रॅम चालतो ऑफिसातल्या जुन्या पीसीवर. कपाटाशी बोलायचं काम एक आयता मिळणारा कोड करतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. ती दारात गेली की कपाट विचारणार, "कोण पावणं?" मग दाखवायला एक छोटीशी फाइल असते. ती किल्ली. आत नुसती अगम्य अक्षरं, पण ज्याच्या हातात ती अक्षरं, त्याला कपाट मावशीच समजतं.

म्हणून मावशीनं ती फाइल प्रोग्रॅमच्या कोडमध्ये कधी चिकटवली नाही. वेगळ्या फोल्डरात ठेवली आणि ती कुठं आहे एवढंच प्रोग्रॅमला सांगितलं. दोन वर्षं ती कुणाला दिसली नाही.

मग खंडेनवमी आली.

संस्था चालवणारे प्रभुलिंग अण्णा म्हणजे निवृत्त पीटीचे मास्तर. सकाळी त्यांनी ऑफिसात पूजा मांडली. पाटावर पंचिंग मशीन, स्टेपलर, गाडीचा जॅक आणि मधोमध पीसी.

"आगं सौंदर्या, ह्यो डबा काय पुजायचा? हत्यार कुठाय तुझं?"

"हेच की अण्णा."

"कोयता म्यानात ठिवून पुजतंय व्हय कोण? परवा सांगत हुतीस की, किल्ली का काय. ती काढ भायेर!"

"ती दाखवायची नसते, अण्णा."

"देवाला बी न्हाय?"

देवाला नाही कसं म्हणायचं? मावशीनं फाइल उघडली. एक ओळ पडद्याच्या बाहेर लांब पळत होती. पूजा अर्धवट नको, म्हणून तिनं ती मोडून सगळी पडद्यात बसवली. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, कडेला कुंकू लावलं आणि नारळ फोडायला मागच्या दारी गेली.

परत आली तर अण्णा फोन हातभर लांब धरून खूश.

"झकास आलाय बघ फोटो. एचडी!"

"कुठं टाकला?"

"आमच्या तालमीच्या ग्रुपवर. दोनशे बारा जण हाईत. सणाच्या शुभेच्छा नको व्हय द्यायला?"

मावशीच्या हातातलं खोबरं फरशीवर पडलं. तिनं अण्णांच्या फोनवर फोटो ताणून मोठा केला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. खाली 'लई भारी अण्णा', 'नाद खुळा' आणि अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा राजवीरचा.

राजवीर हा त्या अकरांतल्या पद्मलचा नवरा. आठच दिवसांमागं ऑफिसच्या फाटकावर दगड मारून गेला होता, "माझी बायकू कुठं दडवलीया?" म्हणत. अण्णांचा जुना पठ्ठ्या. तो ग्रुपमध्ये आहे हे अण्णा विसरले होते. आणि पद्मल या घडीला संस्थेच्या मीरासाब ड्रायव्हरच्या गाडीत होती, मांडीवर चार वर्षांची पोर, शाहूवाडीच्या घराकडं निघालेली. त्या घराचा पत्ता कालच कपाटात गेला होता. तिनंच मावशीला सांगितलं होतं, "धाकलं भावजी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करत्यात, ताई. तुमच्यासारखंच."

"अण्णा, पुसा तो फोटो. आत्ताच्या आत्ता."

अण्णांनी चष्मा चढवला, बोट दाबलं. "गेला बघ. दिसंना."

त्यांना दिसेना. बाकी दोनशे अकरा जणांना दिसत होता. अण्णांनी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं होतं, आणि आता सगळ्यांसाठी पुसायची सोयच उरली नव्हती.

मावशीनं आधी मीरासाबला फोन लावला. "चाचा, गाडी बाजूला घ्या. मी सांगेपर्यंत पुढं जाऊ नका."

"क्या हुआ बेटी? पंक्चर न्हाय, काय न्हाय..."

"थांबा फक्त!"

आता किल्ली मारायची, म्हणजे कपाटानं ती ओळखूच नये असं करायचं. ती लगेच मारता आली असती, पण त्याच किल्लीवर बायकांच्या फोनातलं धोक्याचं बटण चालत होतं. दाबलं की ऑफिसला खबर. जुनी किल्ली आधी मारली तर नेमकी आज अकरा बटणं मुकी. म्हणून नवी किल्ली आधी. ती तयार केली, फाइल उतरवून घेतली, प्रोग्रॅमला नवी जागा सांगितली, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. पडद्यावर लाल ओळ: फाइल सापडत नाही. घाईत फोल्डरचं नाव चुकलं होतं.

"झालं का?" अण्णा.

"बोलू नका."

"मी कुठं बोलतोय?"

दुसऱ्यांदा नाव एकेक अक्षर वाचून टाइप केलं. चालू. अण्णांच्या फोनवरचं बटण दाबून बघितलं, पीसी किंचाळला. मग जुनी किल्ली निवडली आणि कायमची काढून टाकली. फोटो पडला होता अकरा एकतीसला. आता अकरा बावन्न झाले होते.

एकवीस मिनिटं. त्या वेळात कुणी कपाट उघडून वाचलं का?

मावशी नोंदी बघायला गेली. किल्ली कधी बनवली, कधी मारली, हे तिथं होतं. पण आतलं कुणी वाचलं, याची नोंद आपण सांगितल्याशिवाय होत नाही. तो पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. नोंदींचा ढीग साचेल म्हणून तिनं तो कधी चालू केलाच नव्हता. पान कोरं होतं.

"काय म्हणतंय?" अण्णा खुर्चीमागं उभे.

"माहीत नाही म्हणतंय."

"म्हंजी कुणी बघितलं न्हाय."

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही, अण्णा."

तेवढ्यात ग्रुपवर राजवीरचा निरोप आला. 'अण्णा, फोटो झकास. भावाला पण दाखवला.'

अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसले. पाटावरची उदबत्ती तिथंच संपली, कुणी दुसरी लावली नाही.

"सगळ्यांना हलवायचं," मावशी म्हणाली. "अकराच्या अकरा. दिवस मावळायच्या आत."

"आगं, नुसत्या शंकेवर? ल्हान पोरं हाईत त्यास्नी. आजऱ्याची ती नववा महिना लागलेली..."

"फाइल मी उघडली, अण्णा. ओळ पण मीच मोडून बसवली. उद्या कुठल्या दारात कोण उभा राहील ते मला सांगता येत नाही."

मग कपाटात कधीच न नोंदवलेली घरं अण्णा आठवू लागले: बहीण, आत्तेबहीण, साडू. मावशी एकेका बाईला फोन लावत गेली. पत्ता कुणालाच फोनवर सांगितला नाही, फक्त "कपडे भरा, दार लावून बसा, अण्णा स्वतः येतील, दुसऱ्या कुणाला उघडू नका." दोघी रडल्या. एकीनं विचारलं, "परत का?" आणि मावशीनं खरं काय ते सांगितलं.

शेवटी मीरासाब. "चाचा, गाडी वळवा. नृसिंहवाडीच्या वाटेला लागा, पुढचं अण्णा भेटून सांगतील."

फोन पद्मलनं ओढून घेतला. मागं पोर काहीतरी गुणगुणत होती.

"ताई, तिथं अंगण हाय का? हिला खेळायला भायेर सोडली तर चालंल न्हवं?"

"आज नको," मावशी म्हणाली.

"आन् उद्या?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली, आणि मोकळ्या हातानं नोंदींचा तो पर्याय चालू केला.