एलिसच्या गाडीचा बिल्ला

एलिस अ‍ॅक्रॉइडने उभी हयात पदपथाच्या फरशा बसवण्यात घालवली. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात त्याने बसवलेली फरशी पावसात डुगडुगत नाही, तिच्याखालचं घाण पाणी कुणाच्या पायावर उडत नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे. पण चालता चालता दुसऱ्या कुणाची फरशी हलली, की थांबून तिच्यावर टाच आपटायचा आणि म्हणायचा, "घाई." त्याच्याकडे याहून मोठी शिवी नव्हती. असलीच तर एकच, "कामचुकार", आणि ती तो जपून वापरायचा.

फरशी गुडघ्यांवर बसून बसवतात. त्यामुळे निवृत्त झाला तेव्हा गुडघ्यांत काही उरलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी तो बूट पुसत बसला होता. अकराला निघायचं, डोंगरमाथ्यावरून पलीकडे बेकपला जायचं आणि तिथल्या वृद्धाश्रमात बायकोला, म्युरिएलला, जेवू घालायचं, हा त्याचा रोजचा नेम. म्युरिएलची आठवण गेली होती. एलिसला ती नावाने ओळखत नव्हती. पण घास त्याच्याच हातचा घ्यायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. गेल्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला, तेव्हा तिने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. डोंगरावरून जाणारी बस कधीच बंद झाली होती. होती ती एक जुनी हिरवी गाडी.

पुढचं दार कुणी ठोठावलं. त्या गल्लीत पुढचं दार लग्नाला आणि मयताला उघडायचं. एलिसच्या घरी तर त्याला कोच लावलेला होता.

"मागून या!" तो नेहमीसारखा ओरडला. "उघडंच आहे!"

मागच्या दाराने एक रुंद खांद्यांचा माणूस आत आला. त्याने पायपुसण्यावर बूट नीट पुसले. एलिसला बरं वाटलं.

"बॉयलरवाले ना? चहा घेणार?"

"मी स्टॉट. बेलिफ आहे." त्याने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. "घरपट्टीची थकबाकी आहे. आम्हाला बळजबरीने घरात शिरता येत नाही; पण दार उघडं होतं आणि आत तुम्हीच बोलावलंत, एवढं लक्षात असू द्या."

एलिस किटली हातात धरून उभा राहिला. "मग चहा नको?"

"दूध घालून. साखर दोन चमचे."

चहा ओतला जातोय तोवर शेजारची थेल्मा आत आली. शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं मोठाली पातेली ढवळलेली बाई. आवाज अजून तिथलाच.

"एलिस, ती पांढरी व्हॅन कुणाची? माझ्या दारात लावलीये."

"यांची. बेलिफ आहेत."

"आणि तू चहा पाजतोयस? बिस्किटं दे की. मांडीवर घेऊन थोपट त्याला."

"बाई, मी माझं काम करतोय," स्टॉट म्हणाला.

"करा ना. आधी व्हॅन हलवा."

स्टॉटने खोलीभर नजर फिरवली. जाड पाठीचा जुना टीव्ही, टेबल, दोन खुर्च्या. "यातलं काही नेलं तर भाडं माझ्याच अंगावर पडेल. आज सगळे पैसे भरता?"

"सगळे नाही जमणार."

"बाहेरची हिरवी गाडी तुमची?"

एलिसने किटली खाली ठेवली. खोटं बोलायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. "माझी."

"मग ती घ्यावी लागेल."

"गाडी सोडा," एलिस म्हणाला. "मागे छपरीत माझी हत्यारं आहेत. हातोडे, छिन्न्या, फरशी उचलायचे चिमटे. सगळी धार लावलेली."

"हत्यारांना आता कोण विचारतो, मिस्टर अ‍ॅक्रॉइड?" तो हे दुष्टपणाने बोलला नाही. अर्धा चहा ठेवून उठला. "जॅमर आणतो."

तो बाहेर गेला तशी थेल्मा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "बिल्ला कुठाय?"

"कसला बिल्ला?"

"नाटकं करू नकोस. डॉक्टरकडे तुझ्याबरोबर तासभर बसून मी मिळवून दिलेला. निळा."

एलिसने मान फिरवली. अपंगांच्या गाडीला लावायचा तो बिल्ला आला त्या दिवशीच त्याने खणात टाकला होता. त्याच्या फरशीवाल्या टोळीतल्या क्लिफर्डने असा बिल्ला घेतला, तर क्लबमधले सगळे त्याला वर्षभर 'सरकार' म्हणत होते. सरकार आले, दार उघडा. सरकारांना खुर्ची द्या. त्यात सगळ्यात मोठ्याने हसला होता तो एलिसच. पाय चालत असताना असलं काही घेणारा माणूस म्हणजे कामचुकार, असं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

"मी लंगडा नाही, थेल्मा."

"नाहीस. जिना बसून उतरतोस, ते हौसेनं."

"कुणी सांगितलं?"

"भिंत पातळ आहे. ऐक. बिल्ला लावलेली गाडी त्यांना उचलता येत नाही. बहिणीच्या वेळी मी बघितलंय. पण काचेत दिसायला हवा. खणात ठेवून उपयोग नाही."

"सगळी गल्ली बघेल."

"बघू दे. म्युरिएलला दुपारी कोण भरवणार, गल्ली?"

एलिसने आणखी वाद घातला नाही. खण उघडला, रबरबँड आणि जुन्या चाव्या बाजूला सारून बिल्ला काढला आणि निघाला.

मागच्या दारापासून रस्त्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. तो नेहमी कुणी नसताना त्या उतरायचा. अंग तिरकं करायचं, दोन्ही हातांनी कठडा धरायचा, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी. आज समोरच्या घरातला पडदा हलला. पलीकडे कचऱ्याचा डबा घेऊन आलेला माणूस डबा ठेवून बघतच राहिला. एलिसने कठडा सोडला नाही. घाई केली नाही. घाईत पडलो तर सगळंच गेलं.

स्टॉट पुढच्या चाकाशी बसून जॅमरचे दात चाकावर बसवत होता. कुलूप अजून त्याच्या हातात होतं. एलिसने गाडीचं दार उघडलं आणि बिल्ला काचेमागे डॅशबोर्डवर ठेवला. तिरका पडला म्हणून पुन्हा उचलून सरळ ठेवला.

स्टॉट उठला. "हे काय?"

"बिल्ला."

"आत्ता लावलात."

"हो. आत्ताच."

"कुणाचा आहे?"

"माझा," एलिस म्हणाला. समोरच्या पडद्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

स्टॉटने काचेला नाक लावून मुदत तपासली. "इतके दिवस का नाही लावला?"

"चालता येतं मला."

"तुम्ही कसे उतरलात ते बघितलं मी." त्याने हातातलं कुलूप एकदा वर उडवून झेललं. "कुलूप लागल्यावर आला असतात, तर आपण इथे संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. कुठे जायचं असतं रोज?"

"बायकोला जेवू घालायला. बेकपच्या वृद्धाश्रमात."

"किती दिवस आहे ती तिथे?"

"दुसरा हिवाळा गेला."

"म्हणजे घरात तुम्ही एकटे. एकट्याला घरपट्टीत सूट असते, आणि तुम्ही दोघांची भरताय?"

"भरत नाहीये म्हणून तर तू आलायस ना, राजा," पायऱ्यांवरून थेल्मा म्हणाली.

स्टॉटला हसू आवरलं नाही. हसत हसतच त्याने चाकावरून जॅमर काढला. "कौन्सिलच्या घरपट्टी खात्याला फोन करून हे सांगा. आजच. नेण्याजोगं काही मिळालं नाही, असं मी लिहितो. पण मिटवलं नाहीत तर मी पुन्हा येईन, आणि तेव्हा चहा मागणार नाही. शिवाय मागचं दार लावत जा."

"शेजारी कसे येणार मग?" एलिसने विचारलं. त्याला खरंच कळेना.

फोन थेल्माने लावला, पण पलीकडच्या बाईला एलिसशीच बोलायचं होतं. फोनवर खूप वेळ संगीत ऐकवून झाल्यावर ती आली होती. त्याने जे होतं ते सांगितलं. घरातले व्यवहार म्युरिएल बघायची. वृद्धाश्रमाचे पैसे कौन्सिल दर महिन्याला त्याच्याकडून कापून घ्यायची. त्याला वाटलं, त्यातच घरपट्टीही गेली. एकाच कामाचे एकाच माणसाला दोनदा कोण देतं? म्हणून पत्रं आली तरी त्याने उघडली नाहीत.

"दोन्ही वेगळं असतं, मिस्टर अ‍ॅक्रॉइड," बाई म्हणाली. "पण तुमच्या पत्नी तिथे गेल्या त्या दिवसापासूनची सूट तुम्हाला मिळायला हवी होती. ती मागच्या तारखेपासून धरू. प्रकरण बेलिफकडून परत घेते. राहील ते महिन्याला थोडं थोडं भरा."

"गाडी?"

"गाडीचं काय?"

"ती न्यायला कुणी येणार नाही ना?"

"कुणी येणार नाही."

एलिसचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. थेल्माने स्टॉटचा उरलेला चहा मोरीत ओतला.

"ऊठ, सरकार," ती म्हणाली. "उशीर झाला."

तो हसला. इतका, की डोळे पुसावे लागले.

बेकपला पोहोचला तेव्हा जेवणं उरकली होती. दाराला लागून बिल्लेवाल्यांची जागा मोकळी होती. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि गाडी तिथे लावली. आत म्युरिएल खिडकीशी बसली होती. पुढ्यातलं ताट जसंच्या तसं. काम करणारी मुलगी म्हणाली, "तिघींनी प्रयत्न केला. ओठ मिटूनच बसल्यात."

एलिसने खुर्ची ओढली, बटाटा काट्याने मऊ केला, त्यावर रस्सा घातला आणि चमचा पुढे केला. म्युरिएलने तोंड उघडलं. चावलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"गार आहे," ती म्हणाली.

"आहे खरं," एलिस म्हणाला, आणि ताट घेऊन गरम करून आणायला उठला.