खांदा आखडला आणि चिप सुधारली

गेल्या रविवारी आमच्या गोल्फ क्लबात नवरा-बायकोच्या जोड्यांची फायनल होती. सकाळी सातलाच चेन्नईची हवा अंगाला चिकटायला लागली होती... आणि मी मस्त मूडमध्ये होते.

या मॅचमध्ये दोघांत मिळून एकच चेंडू असतो. एक शॉट नवऱ्याचा, पुढचा बायकोचा. म्हणजे एकाने घाण केली की दुसऱ्याने निस्तरायची... संसारच तो.

आता जरा मागचं सांगते. मी मूळची सांगलीची, आता चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघते. गोल्फ मला मंदारने, म्हणजे नवऱ्याने, शिकवलं. त्यामुळे माझ्या प्रत्येक शॉटआधी मागून त्याची कॉमेंट्री ठरलेली... मान खाली, कोपर सरळ, घाई नको!

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. केस बांधायलाही हात वर जाईना. फिजिओ सुरू झाली, हळूहळू फरक पडला, पण डॉक्टर म्हणाले, "हात कमरेच्या वर न्यायचा नाही. तेवढ्यात काय खेळता येईल ते खेळा."

तेवढ्यात फक्त दोनच गोष्टी बसतात. पट, म्हणजे ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू होलात ढकलणं... आणि चिप. चिप म्हणजे ग्रीनच्या काठावरून मारलेला छोटा शॉट... चेंडू थोडासा हवेत जातो आणि बाकी घरंगळत झेंड्याकडे. आणि माझी चिप भयंकर होती. एकतर क्लब, म्हणजे काठी, चेंडूच्या आधी मातीत रुतायचा, नाहीतर चेंडू सुसाट ग्रीनच्या पार.

खरं सांगते, तेव्हा किट विकायच्या विचारात होते. संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर जाऊन बसायचे, मधूनच चिप मारून बघायचे. तिथेच सेतुराव मामा भेटले. गणिताचे निवृत्त प्रोफेसर, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी ऐकताना मला कुणीतरी जुनी बखर वाचतंय असं वाटतं... मध्येच तमिळ येतं ते वेगळंच.

माझे चार-पाच शॉट त्यांनी गुपचूप पाहिले. मग म्हणाले, "अम्मा, चेंडू उचलायाचं काम तुमचं नव्हे. तें क्लबाचं. तुम्ही उगा मनगट कां वाकवता?"

बास. एवढंच चुकत होतं माझं. मी चेंडू हवेत उडवायला बघत होते, म्हणून मनगट मोडत होतं आणि वजन मागच्या पायावर जात होतं.

मग मामांनी नीट उभं केलं. पाय जवळजवळ, वजन डाव्या पायावर आणि शेवटपर्यंत तिथेच. चेंडू उजव्या पायाकडे, हात चेंडूच्या किंचित पुढे. मनगट गप्प, फक्त खांद्यांचा हलका झोका... पट मारतो तसा. आणि नजर झेंड्यावर नाही, चेंडू जिथे पहिला टप्पा घेणार त्या जागेवर.

त्या जागेवर मी रुमाल टाकायचे आणि मारत बसायचे. सँड वेज नावाच्या क्लबने चेंडू टप्प्यावरच थांबतो, आठ नंबरच्या आयर्नने लांब घरंगळतो... हे हाताला कळायला दोन-तीन महिने गेले. पण कळलं. रुमालावर चेंडू पडायला लागले तशी मीही सरळ उभी राहायला लागले.

तर रविवार. खांदा अजून थोडा दुखतो, पण डॉक्टरांनी पूर्ण खेळायला हो म्हटलं होतं. शेवटचं होल, दोन्ही जोड्या बरोबरीत. समोरच्या जोडीचं होल संपलं होतं. आम्हाला जिंकायला माझी एक चिप आणि मंदारचा एकच पट, एवढीच मुभा होती.

मंदारचा शॉट ग्रीनच्या बाहेर टणक, उघड्या मातीवर जाऊन थांबला होता. झेंडा पार पलीकडच्या टोकाला. मी बॅगेतून आठ नंबर काढला आणि मागून आवाज आलाच.

"अगं, सँड वेज घे! उंच मार, झेंड्याजवळ पाड."

मी वळले. "मंदार, हा शॉट माझा आहे. मध्ये बोलू नकोस."

रागाने नाही, अगदी शांतपणे म्हटलं. तो दोन पावलं मागे सरकला. लग्नाला अकरा वर्षं झाली... त्याला असं मागे सरकताना मी क्वचितच पाहिलंय.

ग्रीनच्या अलीकडच्या कडेला गवताचा एक फिकट ठिपका होता. टप्पा तिथे, हे ठरवलं. वजन डावीकडे, मनगट गप्प... टक्. चेंडू ठिपक्यावर पडला आणि घरंगळत निघाला. उतारावर जरा उजवीकडे वळला, मंदावला, आणि होलपासून दीड हातावर थांबला.

समोरच्या जोडीतल्या बाईंनी आधी टाळी वाजवली. "सूपर मा!"

आता मंदारचा पट. अंतर किरकोळ, पण चुकला तर सगळं गेलं. तो चेंडूमागे वाकला, उठला, परत वाकला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तूच सांग... किती वळेल?"

गोल्फमध्ये त्याने मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी जवळ जाऊन पाहिलं. "वळत नाही. सरळ मार, जरा जोरात."

त्याने सरळ मारला. चेंडू आत पडल्याचा तो टपकन आवाज... आणि मंदारने हातातला पटर टाकून मला मिठी मारली, तीही दुखऱ्या खांद्याच्या बाजूने! कळ आली, पण ओरडले नाही.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी मला पण शिकव ना, ते मनगटाचं."

लांब मारता येत नव्हतं, म्हणून मी जवळचं नीट शिकले आणि त्यात आज मला कुणी हरवू शकत नाही. सेतुराव मामा, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेलच... मनापासून आभार.