दहापैकी नऊ

आर्डिस लहान असताना तिनं आईबापाचं एक भांडण ऐकलं होतं. ती जिन्याखाली मांजराच्या पिलांपाशी बसलेली, आणि स्वयंपाकघरात आई भांडी अशी आपटत होती, जणू त्यांचाच गुन्हा. डेअरीवाला क्नूट त्यांनी घातलेल्या सायीचं वजन दर वेळी कमी दाखवतो, हे आईनं घरच्या काट्यावर पडताळून पाहिलं होतं.

"जाऊन सांग त्याला," आई म्हणाली.

"काय सांगू? रविवारी चर्चमध्ये त्याच्याच शेजारी बसायचंय मला."

"मग बस की. हात मिळवलास की बोटं तेवढी मोजून घे."

"उगाच बोभाटा कशाला? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याला निदान वजन कळतं."

बाप काही गेला नाही. साय जन्मभर कमी भरली आणि क्नूट मेला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा बापानंच दिला. असल्या गरीब गाईशी आपण लग्न करायचं नाही, असं आर्डिसनं जिन्याखालीच ठरवलं. आणि मोठी झाल्यावर केलं कोणाशी? लॉवेल टॉलेफस्रूडशी. माणूस ठरवतो एक आणि प्रेमात पडतो भलतीकडेच.

लॉवेल शाळेची बस चालवायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची, कारण तो कधी रागवायचा नाही. मिनेसोटातलं आमचं स्कोगमो गावच तसं. कुणाला विचारा, कसं काय? उत्तर ठरलेलं: तक्रार नाही. ओले सुंदबीचं घर जळून खाक झालं, तेव्हाही तो म्हणाला, तक्रार नाही, कोठार वाचलं. बाहेरचे लोक याला चांगुलपणा म्हणतात. आर्डिस याला रोग म्हणायची.

लॉवेल निवृत्त झाला त्या शरदात अंगणातली गळलेली पानं ओढून गोळा करता करता त्याला धाप लागायला लागली. दोन ढीग केले की तो कुंपणाला टेकायचा आणि आकाशाकडे बघत बसायचा, म्हणजे आर्डिसला वाटावं, हवा बघतोय. ती काय आंधळी होती? तिनं त्याला धरून दवाखान्यात नेलं. गावचे डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या आतून तपासल्या पाहिजेत, आणि लवकर. पण विमा योजनेचा नियम असा, की आधी योजनेच्याच हृदयाच्या डॉक्टरनं बघायचं. तो बसायचा दूर फार्गोला, आणि त्याची तारीख मिळाली बर्फ वितळल्यानंतरची.

आर्डिसनं योजनेला फोन लावला. एक घंटी पुरी वाजायच्या आत उचलला त्यांनी. आवाज असा गोड, की मध चाटावा.

"मला कळतंय तुमची काळजी, मिसेस टॉलेफस्रूड. पण त्याआधीची जागा नाही. आणखी काही मदत करू का?"

"आणखी? अजून पहिली कुठं केलीस?"

"अगं आर्डिस, नको त्या पोरीला बोलू," लॉवेल मागून म्हणाला. "ती काय करणार?"

ती दर आठवड्याला फोन करायची. दर आठवड्याला तोच मध. लॉवेल मात्र शांत. चार माणसं रांगेत पुढं असतील, त्यांची गरज मोठी असेल, असं त्याचं म्हणणं. रांगेत पुढं कुणी नव्हतंच, रांगच मुद्दाम लांब ठेवलेली, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

आणि मग ऐन थंडीत एक वेगळाच फोन आला. आर्डिस चर्चच्या जेवणासाठी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होती, हात बटाट्याच्या पिठानं कोपरापर्यंत माखलेले, म्हणून लॉवेलनं उचलला. स्वयंपाकघरातच फोन, सगळं ऐकू येत होतं.

त्याचं असं होतं, की विमा योजना चांगली का वाईट, याचा शिक्का देणारे लोक वेगळे असतात. ते पूर्वेकडून ठरावीक वर्षांनी येतात, योजनेचे कागद तपासतात, फोन किती झटकन उचलतात ते बघतात, आणि योजनेतल्या माणसांनाही विचारून घेतात, की बाबांनो, तुम्हाला औषधपाणी वेळेवर मिळतं ना? माणसांच्या उत्तरांनाही गुण असतात. सगळं जमलं की सोनेरी शिक्का. तो शिक्का बघून कारखानदार आपल्या कामगारांना त्याच योजनेत घालतात. विचारणारी मुलगी योजनेची नव्हती. तिनं तसं सांगितलंसुद्धा, आणि तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असंही म्हणाली. एवढी मोकळी वाट माणसाला आयुष्यात कितीदा मिळते?

"गेल्या सहा महिन्यांत मोठ्या डॉक्टरची गरज पडली, तेव्हा वेळ लवकर मिळाली का? कधीच नाही, कधीकधी, बहुतेकदा, की नेहमी?"

लॉवेलनं जरा विचार केला. "नेहमी म्हण."

आर्डिसचं लाटणं थांबलं.

"आणि योजनेला दहापैकी किती गुण द्याल?"

"दहा म्हणजे जरा जास्तच होतात गं पोरी. दहा कुणालाच देऊ नयेत. नऊ लिही." मग त्यानं त्या मुलीला, तुमच्या गावी थंडी किती, ते विचारलं, आणि फोन ठेवला.

"लॉवेल." आर्डिस हळू बोलली, म्हणजे खरंच पेटली होती. "तू धापा टाकत नऊ दिलेस?"

"अगं, तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? किती गोड बोलत होती."

"ती विचारत होती! तिचं कामच ते होतं. तुला कुणी पहिल्यांदा खरं विचारलं, आणि तू हवापाण्याच्या गप्पा मारल्यास."

"वाईट म्हणून काय मिळणार होतं?"

"तुझ्या मागच्या माणसाला तारीख मिळाली असती, गाढवा."

त्यानं एक लेफ्सा उचलली, लोणी आणि साखर लावून गुंडाळली, आणि अर्धी तिला दिली. भांडण मिटवायची त्याची ती रीत. तिनं घेतली नाही. ती अर्धी लेफ्सा ताटलीत तशीच वाळली, हे तिला पुढं फार दिवस आठवत राहिलं.

मार्चमध्ये तो दारापुढचा बर्फ उपसायला गेला. तिनं नको म्हटलं होतं, पण टपालवाल्याचा पाय घसरेल म्हणाला. ती बाहेर आली तेव्हा फावडं भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं होतं, कुणाच्या पायात यायला नको म्हणून. आणि तो शेजारी पडलेला.

बर्फ वितळल्यावर योजनेचा फोन आला. मध तोच. "मिस्टर टॉलेफस्रूड सोमवारी तपासणीला येणार आहेत ना?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "त्यांना त्याच्या आधीची तारीख मिळाली."

उन्हाळ्यात दवाखान्याच्या दारावर योजनेच्या जाहिरातीचं मोठं कापड लागलं. वर सोनेरी शिक्का, खाली एक हसरं म्हातारं जोडपं, आणि लिहिलेलं, की आमची माणसं आमच्यावर खूश आहेत. त्या म्हाताऱ्याचे दात बघून आर्डिसला वाटलं, दगड मारावा. दगड मारणारी ती नव्हती. ती गेली चर्चच्या तळघरात, कारण त्या दिवशी ओले सुंदबीचं मयत होतं आणि नंतरच्या जेवणाला हॅमचे पाव लावायचे होते.

सगळी माणसं जेवून गेल्यावर बायका भांडी घासत होत्या. आर्डिस ताटं पुसता पुसता म्हणाली, "तो शिक्क्याचा फोन तुमच्यातल्या कुणाला आला होता?"

तिची बालमैत्रीण डेलोरेस क्वाम्मे सिंकपाशी उभी होती, वाकड्या गुडघ्यावर. गुडघ्याच्या डॉक्टरसाठी वर्षभर ताटकळलेली. "मला आला होता की. गोड होती पोरगी."

"काय सांगितलंस?"

"काय सांगायचं असतं? तक्रार नाही म्हटलं."

"याच गुडघ्यावर उभी राहून?"

"आर्डिस, तू पण ना. आपल्याला शोभतं का ते?"

आर्डिसनं पुसलेलं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "तुला काय शोभतं ते मी तुझ्या मयताला पाव लावताना सांगेन. त्या कापडावरचं सोनं कुठून आलं ठाऊक आहे? तुझ्या गुडघ्यातून. माझ्या लॉवेलच्या छातीतून. त्यांनी आपल्याला फसवलं असतं तर मी समजले असते, गं. त्यांनी विचारलं, आणि आपणच खोटं बोललो. देवाच्या घराखाली उभ्या राहून सांगते, त्याला चांगुलपणा म्हणू नका."

  दोघी-तिघींनी एप्रन सोडले आणि निघून गेल्या. पुढचे किती तरी रविवार आर्डिसच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

तिला फरक पडला नाही, असं म्हणवत नाही. पण ती थांबली नाही. शिक्केवाले पुन्हा यायच्या वर्षी योजनेनं घरोघर फ्रिजला लावायचे हसरे चेहरे वाटले. आर्डिसनं आपला उंदराच्या पिंजऱ्यात ठेवला. उंदीरसुद्धा फिरकला नाही. मग तिनं लिंबाच्या वड्या केल्या आणि दारोदार फिरली. एका घरातल्यांनी पडदा ओढून घेतला. दुसऱ्या घरात कॉफी मिळाली, उत्तर नाही.

डेलोरेसनं दार उघडलं. "वड्या आत आण. तू बाहेर राहिलीस तरी चालेल."

आर्डिस आत गेलीच. दोघी कॉफी पीत असताना डेलोरेसचा फोन वाजला. तिनं ऐकलं, आणि रंग उडाला तिचा. हातानं खूण केली: शिक्क्यावाली पोरगी. डॉक्टर वेळेवर मिळाला का, हा प्रश्न आला तेव्हा डेलोरेस सवयीनं "तक्रार..." म्हणाली आणि तिथंच अडकली.  आर्डिस बशीतल्या वडीकडे बघत बसली.

"नाही," डेलोरेस म्हणाली. "कधीच नाही. लिही तसं." फोन ठेवल्यावर तिनं गार झालेली कॉफी पुढ्यात ओढली. "किती वाईट वाटलं असेल बिचारीला."

"तिला नाही गं," आर्डिस म्हणाली, आणि तिच्या हातावर हात ठेवला.

त्या खेपेला सोनं गेलं. आणखी कुणी कुणी खरं सांगितलं ते कुणी कबूल केलं नाही. आमच्याकडे खरं बोलणंही लपून करतात. कापड उतरलं, आणि काही दिवसांनी हृदयाचा डॉक्टर गुरुवारी स्कोगमोच्या दवाखान्यात बसायला लागला. लोक म्हणाले, बघ आर्डिस, आता तरी राग सोड. ती म्हणाली, "हाच डॉक्टर, हाच रस्ता. आधी यायला याला कुणी बांधून ठेवलं होतं?" राग तिनं सोडला नाही. वड्यांसारखाच, दर आठवड्याला ताजा.

दर गुरुवारी ती वड्यांचा ट्रे घेऊन तिथं जायची. तिचा शेवटचा गुरुवारही तसाच. चालताना धाप लागून दोनदा थांबली, ते तिनं दडवून ठेवलं नाही. नर्सबाईला आल्या आल्या सांगितलं, की डॉक्टरला म्हणावं, मोकळा झाला की मलाही बघ. मग ट्रे टेबलावर ठेवला आणि बाकावरच्या एका टोपीवाल्या शेतकऱ्याला विचारलं, "कसं काय?"

"तक्रार ना..."

तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "कापणीच्या आधीपासून थांबलोय, बाई."

"हं," आर्डिस म्हणाली, आणि सुरी घेऊन त्याच्यासाठी कोपऱ्यातली, सगळ्यात मोठी वडी कापली.