चिकटवलेली दोन पानं

बीडच्या आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते झोपेतही सांगता येतं. पुस्तकात काय आहे ते कधीच नाही. मुलगा म्हणून जन्मलेली एक मुलगी आईला आपलं खरं नाव सांगते, अशी एक जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, मीच तिथे भेट दिली होती. तिच्यावर बेतलेली ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका मोबाईलवर पाहता पाहता परवा ती पुन्हा वाचायला काढली, तर शेवटची दोन पानं डिंकाने चिकटवलेली.

"लेकरं बिघडत्यात, मॅडम. असलं आपल्याकडं नसतंय," ग्रंथपाल म्हणाले. वाचलं अर्थातच नव्हतं. चित्रातला फ्रॉक तेवढा दिसला होता.

मी मालिकेचा शेवटचा भाग लावून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. मुलीने नाव सांगितलं, संगीत वाजलं आणि मालिका संपली.

"मंग आई काय म्हनली?"

"ते मालिकेत नाहीच. पुस्तकात आहे, तुम्ही चिकटवलेल्या पानांवर."

त्यांनी नखाने पानं सोडवायला घेतली. आईचं उत्तर मधोमध फाटलं.

"फाटकं पुस्तक ठिवता येत न्हाई," म्हणत त्यांनी त्यावर 'बाद'चा शिक्का मारला, आणि तो नीट उमटलाय का, ते उजेडात धरून पाहिलं.