दोन ओढ्यांचे मासे

"हात मागे," बाई दार उघडतानाच म्हणायच्या. पाहुणा कोणी का असेना, त्यांच्या खोलीत शिरायचं तर हात पाठीमागे बांधून. माशांच्या टाकीवर टकटक केलेली त्यांना खपत नसे. इमारतीतल्या एका डच आजोबांनीसुद्धा, भाषा कळत नसताना, मुकाट्याने हात मागे नेलेले मी पाहिलेत.

लायडनमध्ये त्या माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या सांगलीच्या, एका प्रयोगशाळेत संशोधक, एकट्या आणि कायम कशावर तरी चिडलेल्या. जिन्यात आडव्या ठेवलेल्या सायकलींवर, पालिकेच्या पत्रांवर, माझ्या पायातल्या चपलांच्या आवाजावर. चिडत नसत त्या फक्त माशांवर.

मासे ऑस्ट्रेलियातले. रेनबोफिश. सकाळी दिवा लागला की नर एकमेकांसमोर येऊन रंग फुलवायचे आणि बाई चहा थंड होईपर्यंत बघत उभ्या राहायच्या. पाण्यात लोकरीचा झुबका सोडलेला असे. माद्या त्यात अंडी घालत. बाई ती चिमट्याने एकेक वेचून वेगळ्या भांड्यात ठेवत. पिल्लं वाढली की देशभरातल्या हौशी लोकांना देत.

टाक्या दोन होत्या. दोन्हींत एकाच जातीचे मासे, पण वेगवेगळ्या ओढ्यांतले. नरांचे रंग निराळे, माद्या मात्र हुबेहूब सारख्या. त्यातल्या एका ओढ्यात आता हे मासे उरलेलेच नाहीत, असं बाई सांगायच्या. म्हणून हे दोन वंश मिसळू द्यायचे नाहीत.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणात एकाने थट्टा केली, "काय बाई, माशांतही जातपात?"

बाईंनी ताट खाली ठेवलं. "माणसांत करा हवी तेवढी मिसळामिसळ. माझ्या भाचीने केली, मी पुढे होऊन तिचं लग्न लावलं. या माशांचं घरच गेलंय. हे संपले तर कुठून आणायचे? तुमच्याकडून?"

मला तेव्हा हसू आलं होतं. ते आठवलं की आज स्वतःचाच संताप येतो.

कारण बाईंचे वडील आजारी पडल्यावर त्या महिनाभर सांगलीला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या छताला ओल आली. वर धावलो तर एक टाकी गळत होती. त्यातले मासे मी दुसरीत टाकले. तेवढं बरोबरच होतं, नाहीतर मेले असते. पण बाईंना कळवलं नाही. वडील अत्यवस्थ, त्यात हे कशाला, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांच्या रागाला भ्यालो. नवी टाकी आणली, नर रंगावरून ओळखले, माद्या आठ मोजल्या आणि परत सोडल्या. कुठल्या आठ, ते मासेच जाणोत.

वडील गेले. बाई परतल्या. नवी टाकी बघून म्हणाल्या, "गळत होती का? बरं केलंत." एवढंच. मी सुटलो.

काही महिन्यांनी त्या माझ्या दारात उभ्या. नव्या पिल्लांना रंग यायला लागले होते आणि ते कुठल्याच ओढ्याचे नव्हते.

"मी नसताना मासे एकत्र ठेवले होते?"

"दोन दिवस."

"खरं सांगा. किती दिवस?"

"अकरा."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "ती पिल्लं मी सात जणांना दिलीत," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्दावर घेतलीत त्यांनी. लॅपटॉप घ्या. तुम्ही लिहा, खाली तुमचं नाव घाला."

मी भडकलो. बोटाएवढ्या माशांसाठी चाळिशीतल्या माणसाला शाळकरी पोरासारखं बसवायचं? तसं म्हणालोही.

"मासे वाचवलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही," बाई म्हणाल्या. "मला अंधारात ठेवलंत, त्याचं लिहा."

मी सात मेल लिहिले. एनस्खेडेहून एका म्हाताऱ्या डच गृहस्थाचं उत्तर आलं. बाईंनी फार पूर्वी दिलेल्या, त्या संपलेल्या ओढ्यातल्या तीन माद्या त्याच्याकडे होत्या, नर मेले होते.

आपल्याकडचे नर त्याच ओढ्यातले, याची बाईंना रंगावरून खात्री होती. त्यांचं इथलं कामही संपत आलं होतं, म्हणून नर त्यालाच द्यायचे ठरले. एका शनिवारी मी गाडी काढली. बाई मागच्या सीटवर, दोन्ही बाजूंना झाकणाच्या बादल्या. अख्ख्या रस्त्यात त्या झाकणं धरून बसल्या. तिथे पोचल्यावर त्या गृहस्थाला इंग्रजीत म्हणाल्या, "घोटाळा यांनीच केला. लिहून कबूलही यांनीच केला."

नर नव्या टाकीत सोडले, माद्या कोपऱ्यातून पुढे आल्या. बाई आधी पाठमोऱ्या झाल्या, मग डोळे पुसून परत वळल्या.

परतताना मी विचारलं, "राग गेला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "गाडी चालवा."

पंधरा दिवसांत त्या सांगलीला कायमच्या निघून गेल्या. मला कळवलं नाही, आणि मीही कुठल्या तोंडाने विचारणार होतो. मला आठवतात त्या परतीच्या वाटेवरच्या बाई. पुढच्या सीटवर, कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्यांनी, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपलेल्या. मी हीटर वाढवला आणि गाडी हळू घेतली.